एकशे वीस ग्रॅम जास्त

४ मार्च
गाडीचा एसी आज अधिकृतपणे वारला. आजारी तीन वर्षं होताच, पण मी ‘उन्हाळ्यात जरा कमी पडतो’ असं म्हणून वेळ मारून नेत होतो. आज सुलभाला भाजीला नेलं. म्हणाली, “हेअर ड्रायर लावलायत का?” घरी येऊन थर्मामीटर लावला. एसीच्या जाळीपाशी तापमान (यापुढे जा. ता.) ३८. बाहेर ३६. बाई बरोबर होती. तिला सांगितलं नाही.

७ मार्च
तनयाच्या लग्नाची तारीख पक्की. ११ मे, हॉल घोडबंदर रोडला. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटं. दुपारचे! मे महिन्यात! गुरुजींच्या घरी एसी असणार.
नवरी कुठल्या गाडीतून जाणार, हा विषय निघाला. मी म्हटलं, आपल्या. सगळे एकदम चहा पिऊ लागले. त. म्हणाली, “बाबा, मेकअप चढायला तीन तास, उतरायला पाच मिनिटं. एसी चालला तर तुमच्या गाडीतून. नाहीतर विलासमामाची आहेच.”
सु.चं कलम वेगळं. एसी झाला नाही तर लग्नानंतर गाडी भंगारात.
गाडी १९९३ ची. त. जन्मली तेव्हा हॉस्पिटलातून घरी हिच्यातूनच आणली, मी चालवत, सेकंड गिअरच्या वर न जाता. आता लग्नालाही मीच न्यायचं आहे. हे कुणाला बोललो नाही. इथे लिहून ठेवतो.

१० मार्च
डोंबिवलीतली दोन एसीची दुकानं झाली. पहिल्याने बॉनेट उघडून मोबाइलवर फोटो काढला, मित्राला पाठवला आणि हसत बसला. दुसरा म्हणाला, “अंकल, हिच्यात जो गॅस लागतो तो बंद झाला तेव्हा मी शाळेत होतो.” शाळेत काय शिकला ते दिसलंच. एवढं मात्र सांगितलंन की आंबिवलीला स्टेशनजवळ म्हात्रे आहेत, ते जुन्या गाड्या नव्या गॅसवर करून देतात.

१४ मार्च
म्हात्रे. पन्नाशीचे, बोलणं बेताचं. गाडीकडे बघून हसले नाहीत. मला तिथेच आवडले.
“काका, जुना गॅस कुठं भेटाचा नाय. नव्यावर घेऊ. पन गॅस बदलाचा म्हंजे नुसता गॅस नाय बदलाचा.”
जुनं तेल नव्या गॅसशी जमवून घेत नाही, म्हणून सगळे पाइप धुवायचे. तेल नवं. जोडावरच्या रबरी रिंगा नव्या. ओल शोषणारी बाटली नवी. गॅस भरायची तोंडंसुद्धा नवी, म्हणजे पुढे कुणी चुकून जुना गॅस भरणार नाही. सगळं वहीत उतरवून घेतलं.
सु.ला वाचून दाखवलं. म्हणाली, “एवढी तयारी तर तनयाला सासरी धाडतानाही नाही चाललेली.”

२६ मार्च
रिंगा आल्या, बाटली नाही. त. रोज पाच वाजता ऑफिसमधून फोन करते. “बाबा, आजचा आकडा?” आज ३९ सांगितला. “वा, प्रगती आहे.” कार्टी.

५ एप्रिल
गॅस भरला! सकाळपासून आंबिवलीत उभा होतो.
सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरतात. जेवढं वजन उतरलं तेवढा गॅस आत गेला. बॉनेटखालच्या जुन्या पट्टीवर छापलंय, ८०० ग्रॅम. म्हात्र्यांनी ६८० ला नळी बंद केली.
मी म्हटलं, “एकशे वीस राहिले.”
“नाय काका. नवा गॅस जुन्यापरीस कमीच टाकाचा. नायतर दाब चढतो.”
आता, मी पस्तीस वर्षं केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काढली. वजनाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. शिवाय आपल्यात दूधवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या काट्याकडे डोळे लावून बसायची पद्धत. मी म्हटलं, “म्हात्रे, लग्नाची गाडी आहे. हात आखडता घेऊ नका.”
म्हात्र्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे. “तुमची गाडी, काका.” नळी उघडली. ८०० पूर्ण.
घरी येऊन स्वतःच्या अक्षरात नवी पट्टी चिकटवली. नवा गॅस, ८०० ग्रॅम, तारीख, सही. संध्याकाळी जा. ता. १२. त.ला आकडा सांगितला तर ऑफिसात ओरडली.

६ एप्रिल
दुपारी १ वाजता मुद्दाम उन्हात काढली. सु. नटून शेजारी. पत्रीपुलापर्यंत ठीक. मग टक्. कॉम्प्रेसर बंद. दोन मिनिटांनी सुरू. परत टक्. जा. ता. २४, २७, २९. सु. पदराने वारा घेत राहिली. तो पदर मला बोलल्यासारखाच ऐकू येत होता.

९ एप्रिल
पंखा तपासला. बेल्ट तपासला. फ्यूज बदलला. काय झालंय ते मला सहा तारखेलाच कळलंय. पण आंबिवलीला कुठल्या तोंडाने जायचं?
पाचचा फोन. “आकडा?” मी म्हटलं, थर्मामीटर सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा खोटी नोंद.

१२ एप्रिल
गेलो. वाटेत तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही वापरावं लागलं नाही. म्हात्र्यांनी मला बघितलं आणि काटा बाहेर काढला. एवढंच म्हणाले, “किती काढू, काका?”
“एकशे वीस.”
“माझापन तोच अंदाज.”
काढलेला गॅस त्यांनी मशीनमध्ये घेतला, हवेत सोडला नाही. मग चहा पाजला, माझ्या पैशाने नव्हे. हात दाखवून अवलक्षण ते हेच.
भर दुपारी जा. ता. ११. पट्टीवरचे ८०० एका रेघेने खोडले, ६८० लिहिले, बाजूला तारीख आणि सही, लॅबच्या नियमाप्रमाणे. सु.ने बॉनेटमध्ये वाकून वाचलं. “अति तिथं माती,” म्हणाली, आणि वर, “हे पण लिहा पट्टीवर.”

२७ एप्रिल
घोडबंदर रोडला रंगीत तालीम. चालती गाडी १२. ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की १७. म्हात्र्यांना फोन केला. “जुन्या गाडीला नवा गॅस जरा जड जातोच. पुढच्या ग्रिलमधून वारा घुसला पायजे. ग्रिल मोकली ठेवा, बाकी काय घाबराचं नाय.”
त. खूश. “फायनल. बाबांच्या गाडीतून.” विलासला मी स्वतः फोन करून कळवलं. जरा जास्तच वेळ बोललो.

१० मे
घरभर हळद, पाहुणे, चपला. ग्रिलवर कागद चिकटवला: ‘येथे फुले लावू नयेत. हुकमावरून, मुलीचा बाप.’

१२ मे
कालचं आज लिहितोय.
नऊला खाली उतरलो तर गाडी दिसेना. झेंडू दिसत होता. बॉनेट, छप्पर आणि ग्रिल, ग्रिलवर तर हाताएवढ्या जाडीचा गालिचा, तारेने पिळून घट्ट. शेजारी विलास, फुलवाल्यासकट. माझा कागद? “आत आहे ना दाजी, फुलांच्या खाली, फाडला नाही.” मी ओरडलो. तो म्हणाला, “नवरीची गाडी आहे. हात आखडता घेऊन कसं चालेल?”
मी घरात पळालो, पक्कड आणायला.
पक्कड शोधेपर्यंत मेकअपवाली उशीर करून उगवली, मग सगळ्यांचीच घाई. निघालो. त. हट्टाने पुढे बसली, आकडा तीच वाचणार म्हणून. सु. मागे, मांडीवर रुखवताचा डबा. कळव्यापर्यंत छान. “बारा, बाबा! बारा!” शालूतली नवरी आणि नजर थर्मामीटरवर.
घोडबंदर रोडला गाड्यांची रांग, पार टोकापर्यंत. पंधरा. एकोणीस. मग ती वाचायची थांबली. इंजिनाचा काटा लालकडे सरकायला लागला. माझ्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. मनात एकच, गाडी इथे बंद पडली तर त. मामाच्या गाडीत बसून जाईल आणि मी बॉनेट उघडून उभा राहीन.
त.ने जाळीतला थर्मामीटर उपसला आणि पर्समध्ये टाकला. “आज आकडे नकोत.”
काट्याकडे तिचं लक्ष होतं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “बाबा, एसी बंद करा ना. थंडी वाजतेय.”
मी आरशात मागे पाहिलं. सु.ने तोंड उघडलं. तेहतीस वर्षांत ह्या बाईने एक संधी सोडलेली नाही. तोंड मिटलं. अंगावरचा शेला दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसली.
एसी बंद केला. काटा खाली आला. काचा उतरवल्या. पाच मिनिटं आधी पोचलो. मेकअप बहुतेक जागेवर होता, माझं तिकडे फारसं बघणं झालं नाही.
आज पाचला फोन आला, सासरहून. जेवण काय, सासू कशी, सगळं बोलली. आकडा विचारला नाही. थर्मामीटर अजून तिच्या पर्समध्ये आहे, मीही मागितला नाही. भंगाराचं सु.ने काढलेलं नाही, मी विचारणार नाही.
ग्रिलवरचे झेंडू काढायला घेतलेत. निम्मे निघाले.
कालचं जा. ता.: मोजलेलं नाही. नवरीला थंडी वाजण्याइतपत.