हौद भरायला योग्य हातमोजे

३ जानेवारी
बायकोच्या, म्हणजे रत्नमालाच्या, उजव्या मनगटाला प्लास्टर. पाणी भरताना हौदाजवळच्या शेवाळावरून घसरली. ते शेवाळ घासायचं मी दिवाळीतच ठरवलं होतं, म्हणजे विषय माझ्या लक्षात होता. आजपासून नळाच्या पाण्याचं सगळं काम माझं. तसं तिला सांगितलंही. ती फक्त ‘बघू’ म्हणाली. मनाला लागलं.
नळ पाच-सहा दिवसांनी येतो, तोही पहाटे. फाटकाजवळचा कॉक पान्यानं फिरवायचा, हौदाचं लोखंडी झाकण उचलायचं, पाइप धरून उभं राहायचं. आमच्या उस्मानपुऱ्यात सध्याच्या थंडीत लोखंडाला हात लावला की झिणझिण्या येतात. उघड्या हातानं हे करणं म्हणजे बेपर्वाई. घरातला एक हात आधीच गेलाय. उद्या हातमोजे.

४ जानेवारी
गुलमंडीच्या बाजारातून लोकरीचे आणले. संध्याकाळी टीव्ही बघताना घालून पाहिले. फर्स्ट क्लास.

५ जानेवारी
लोकर पाणी पिते. हे दुकानदारानं सांगायला हवं होतं. ओल्या मोज्यांना वारा लागला आणि हातांचा बर्फ झाला. आत येऊन गॅसवर शेकत बसलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे रामकिसनकाका खाली आले आणि हौद भरून गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, अंगात नुसती बनियन. जाताना म्हणाले, राहू द्या साहेब, तुम्ही शेका. फार चांगला माणूस. उद्या वर जाऊन थँक्यू म्हणायचं.

७ जानेवारी
थँक्यू राहिलं. हार्डवेअरच्या दुकानात गेलो होतो. त्यानं वेल्डिंगवाल्यांचे चामडी मोजे काढले. "साब, फटेंगे नै. आपके पोते भी पहनेंगे." टिकाऊपणाचा विचार मी आधी केलाच नव्हता. घेतले.

१० जानेवारी
चामड्यात बोटं वाकत नाहीत. पाना सुटून नालीत गेला. तो सापडेपर्यंत नळ गेला. हौदाचा तळ जेमतेम झाकला गेला.
रत्नमाला डाव्या हातानं बादली उचलून आत घेऊन गेली. मी धावणार होतो, पण हे मोजे निघायला वेळ लागतो.

११ जानेवारी
घाई नडली. आता नीट अभ्यास. रात्रीपर्यंत रिव्ह्यू वाचले. बाहेरून रबर, आतून फ्लीस, तळव्याला ग्रिप. कॅनडातला एक जण हेच घालून बर्फ उपसतो. ऑर्डर केली. रत्नमालाला कॅनडाचं सांगितलं. तिनं वेणी घालायला मदत मागितली. मला वेणी येत नाही.

१३ जानेवारी
सासूबाई लासूर स्टेशनहून आल्या. एकवीसला मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय, खोकला होऊ द्यायचा नाही. मी सांगितलं, आमच्याकडं तुम्ही फक्त उन्हात बसायचं. म्हणाल्या, "बसायची सवय नाय मला, जावईबापू."

१६ जानेवारी
मोजे काल आले. लाजवाब. पहाटे अलार्मला उठलो, मोजे घातले आणि पाणी सुटेपर्यंत सोफ्यावर जरा टेकलो. एवढी ऊब मिळाल्यावर कोणालाही झोप लागेल.
जाग आली तेव्हा उजाडलं होतं. हौद काठोकाठ. सासूबाई अंगणात, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, दात वाजतायत. हाक का नाही मारली, विचारलं.
"झोप लई लागली व्हती तुम्हाला. जावयाला उठवत्यात व्हय?"
लगेच आल्याचा चहा दिला. म्हणजे मी सांगितला, रत्नमालानं केला. एका हातानं.

१९ जानेवारी
सासूबाई खोकतायत. हवाच खराब आहे. ऑफिसातही बरेच जण खोकतायत. मला काही झालं नाही, मोजे होते.

२१ जानेवारी
ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर म्हणाले, छाती मोकळी होऊ द्या, मग या. गारठ्यात कुठं भिजल्या होत्या का, असंही विचारलं. मी भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचू लागलो. सासूबाईच म्हणाल्या, काय नाय, वय झालं. रिक्षात बसताना पायरी दिसली नाही त्यांना. मी हात धरला. रत्नमालानं तो सोडवून आपला दिला, डावा.

२२ जानेवारी
अलार्मच्या आधीच जाग. मोजे टेबलावर होते. घातले नाहीत.
झाकण गार होतं, पण उचललं. पाइप धरला, डोळे मिटले. पाणी आलं.
कोमट होतं. जमिनीखालून येतं, थंडीत कोमटच लागत असणार. रत्नमालाला हे माहीत असणार. काकांनाही. सासूबाईंना तर नक्कीच.
आतून सासूबाईंनी खोकत खोकत विचारलं, "जावईबापू, पाणी लई गार लागतंय का?"
मी म्हणालो, "लई."