पळसाचा माणूस

७ सप्टेंबर २०२५, चिकलठाणा

प्रथम तक्रार. आमच्या नव्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक अदृश्य बाई राहतात आणि प्रत्येक मजल्यावर ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं बजावतात. दरवाजा आपोआपच बंद होतो. संस्कृत पाठशाळेत मी आज्ञार्थ घोकून घोकून घसा बसवला. तो असा फुकट जाताना पाहवत नाही.

बाकी सगळं झकास. वर्तमानपत्रानं बदली केली ती नेमकी माझ्या मूळ गावाजवळ. फ्लॅट हवेशीर, बाल्कनीतून विमानं उतरताना दिसतात. तनुजा खूश आहे, म्हणजे पडदे लावताना फक्त एकदाच भांडली. रविवारच्या पुरवणीसाठी मला खापरपणजोबांचा माग काढायचाय. येसाजी त्यांचं नाव; सत्तावन्नच्या बंडानंतर अंदमानला, काळ्या पाण्यावर गेले. तनुजा म्हणाली, मेलेल्यांचे पत्ते तुम्हाला बरे सापडतात. आणि पुन्हा पडद्यांकडे वळली.

आमचा मुलगा शिवराज मालवाहू जहाजावर नोकरीला गेला. कुठल्याशा बंदरात उतरला तो परत चढलाच नाही. त्याला बारा वर्षं झाली. बारा वर्षांनी शास्त्र वाट पाहणं संपवायची मुभा देतं: पळसाच्या पानांचा माणूस बांधायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. सर्वपित्रीला करायचं ठरलंय. तनुजानंच ठरवलं. मला नुसतं संस्कृत येतं.

१० सप्टेंबर

सिल्लोड रस्त्यावरच्या आमच्या गावी जाऊन आलो. मका डोक्याच्या वर गेलाय. चुलतभाऊ कडुबानं चहा पाजला. त्याची आई, आमची आक्काबाई चुलती, मला न्याहाळत म्हणाली, लई शिकलास म्हणं, मंग एवढा सुटलास कशानं? मी पोट आत घेतलं. येसाजींचं विचारलं.

बारा वर्षं खबर नाही म्हणून घरच्यांनी त्यांचा पळसाचा पुतळा जाळला. अग्नी दिला त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पणजोबांनी. “अन् मंग आलं की ते,” आक्का म्हणाली. “जित्तं. पायात बेड्यांचे वळ.”

मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, शास्त्रात याला उपाय आहे. परतलेल्याला तुपाच्या घड्यात न्हाऊ घालायचं, तान्ह्या बाळासारखे संस्कार करायचे, पुन्हा नाव ठेवायचं.

आक्का हसली. “येवढं तूप कुणाच्या घरात व्हतं रं? अन् पोरगं भ्यालं. आपल्या हातानं जाळल्याला बाप दारात हुबा! लावलं दार.”

येसाजी दिवसभर अंगणात बसून राहिले. कुणी नाव घेऊन हाक मारील, एवढ्याच आशेनं. सांजेला उठून गेले ते गेलेच. तेव्हापासून भावकीत कुणी पळस बांधायला घेतला की ते येतात म्हणे, आणि दारात बसतात. मी टिपून घेतलं. पुरवणीला उत्तम.

१४ सप्टेंबर

कडुबानं पोतंभर पानं आणून टाकली. “दादा, ओली हायेत,” म्हणाला, “सुकू द्या.” बाल्कनीत पसरली. वारा नसतानाही सळसळतात.

सकाळी उंबऱ्यावर काहीतरी पांढरं सांडलेलं. तनुजा म्हणाली मीठ, आणि पुसलं. दुपारी पुन्हा तितकंच. चाखून पाहिलं. घरच्या मिठाहून कडवट, समुद्राचं असावं तसं.

१८ सप्टेंबर

भर दुपारी दाराबाहेर कुणीतरी बसलेलं. दाराच्या भिंगातून पाहिलं: पाठमोरा, अनवाणी, घोट्याभोवती काळपट वळ. दार उघडलं तर कुणी नाही. मीठ.

त्याआधी तनुजानंही भिंगाला डोळा लावला होता. मी विचारलं, वळ पाहिलेस? ती म्हणाली, नाही. शर्ट पाहिला. निळ्या चौकड्यांचा, शिवराज निघाला तेव्हा आपण घेतलेला.

मग म्हणाली, अहो, पुतळा नको करू या.

मी म्हणालो, विधीसाठी गुरुजींना शब्द दिलाय. गुरुजींचं कारण खोटं होतं. मला हे संपायला हवं होतं, बस्स. बाल्कनीतली पानं, मीठ, ती बाहेर बसलेली पाठ—

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

झालं. गावच्या ओढ्याकाठी. पावसाळी हवेत पानं सुकलीच नव्हती; ओला पळस जळत नाही, धुमसतो. गुरुजी म्हणाले नाव घ्या. घेतलं. शिवराज. तनुजा लांब उभी होती, रडली नाही. धुरात कुणीतरी खोकलं. आम्ही चौघंच होतो— मी, ती, गुरुजी, कडुबा. नंतर एकेकाला विचारलं. कुणीच खोकलं नव्हतं.

२२ सप्टेंबर

दुपार. आलाय. आज बसलेला नाही, उभा आहे. दाराला अगदी लागून.

खोकतोय.

तनुजा म्हणते हा खोकला तिला पाठ आहे. लहानपणी त्याला छातीशी धरून ती— मी कडी दाबून धरलीय. एका हातानं लिहितोय. ती माझी बोटं सोडवतेय, एकेक. सोडा, म्हणते. नुसतं नाव तरी घ्या, म्हणते.

कोणतं नाव?

येसाजी असतील तर भीती नाही. पाया पडेन. आत घेईन. खरं सांगतो, मला भीती एकाच गोष्टीची आहे. हे येसाजी नसतील. शिवराज जिवंत असेल, घरी यायला निघालेला असेल, आणि काल मी त्याला—