संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका

२७ एप्रिल, रविवार
सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण. जिन्यात, सगळ्यांसमोर. तनू आणि बी विंगमधल्या दोन मुली कंपाउंडमधल्या चिकूवर चढल्या, एवढंच कारण. चिकूवर! त्यावरून नोटीस. 'पालकांनी आपापल्या पाल्यांना आवर घालावा.' मी ती बोर्डावरून ओढून काढली. पिना खाली पडल्या. त्या शोधायला सेक्रेटरी ओणवा झाला तरी मी बोलतच होतो.
"अकरा वर्षांची मुलगी झाडावर नाही चढणार तर काय तुम्ही चढणार?"
तो म्हणाला, "पडली तर जबाबदार कोण?"
जबाबदार. एवढा एक शब्द शिकलेत सगळे.
घरात आलो तर वैशाली तयारच. "झालं तुमचं? उद्या पाणी आलं नाही की याच माणसाच्या दारात मला जायचंय." मग म्हणाली, तुमचं डोंगरपुराण आता पुरे.

३० एप्रिल, बुध.
परीक्षा संपल्या. तनूला सायकलने नरपडच्या समुद्रावर जायचंय, मैत्रिणीबरोबर. वै. नाही म्हणाली. रस्त्यावर ट्रक, कुत्री, गाडीतून हाका मारणारी माणसं. यादीच काढली. मी म्हटलं, तिच्या हाताला ते घड्याळ बांधलंयस ना, कुठे आहे ते तुझ्या मोबाइलवर दिसतं ना, मग? म्हणे, दिसतं, पण दिसून मी पोचेपर्यंत काय?
आम्ही शेळीच्या गळ्यात घंटा बांधायचो. पण तिला रानात सोडायचं असायचं म्हणून.
दोघी माझ्याकडे पाहत होत्या, म्हणून पुन्हा डोहाची गोष्ट सांगितली. सात वर्षांचा मी, एकटा, ओहोळात खेकडे धरत वर वर गेलो, डोहात पडलो, दोन-तीन गटांगळ्या खाल्ल्या, काठावरच्या झाडाचं मूळ हाताला लागलं, बाहेर आलो. कपडे खडकावर वाळवले आणि खेकडे घेऊन घरी. कुणी विचारलंसुद्धा नाही.
तनू म्हणाली, "आजी घाबरायची नाही?"
म्हटलं, घाबरायला वेळ कुणाला होता?
वै. उठून आत गेली. भांडी आपटली.

३ मे, शनि.
तनूला घेऊन गावी आलो. वै. आली नाही, तेच बरं. निघताना तनूच्या हातातलं घड्याळ काढून तिच्या दप्तरात कोंबलं. बसने तलासरी, तिथून उधव्याची जीप, पुढे पायी. तनू चालताना कुरकुरली नाही. माझी मुलगी आहे.
गाव पाहून डोकं फिरलं. पायथ्याची टेकडी अर्धी खरवडून नेली मुरुमासाठी. दर ओटीवर दोन-चार पोरं एका मोबाइलवर वाकलेली. नऊ-दहा वर्षांची पोरं! मी त्यांच्या वयाचा असताना या वेळेला डोंगराच्या पलीकडे असायचो. एकाला म्हटलं, "काय रे, गलोल आहे का?" तो म्हणाला, "कुठला गेम?"
बायकडे उतरलो. आई-बाबा गेल्यापासून गावात आपलं म्हणायला तिचंच घर, खालच्या पाड्यात. माझी बहीण, सात वर्षांनी थोरली. मला पाहून म्हणाली, "आलास. बरं." तनूला मात्र जवळ घेतलं, केसांवरून हात फिरवला.

४ मे, रवि.
बायची नात जयू इथेच असते. तेरा वर्षांची. तिला विचारलं, डोंगरावर जातेस की नाही?
"कशाला?"
त्या 'कशाला'चा राग आला. तिला म्हटलं, करवंदं खायला, वरून समुद्र दिसतो का ते बघायला, उगाच. तिने हंडा उचलला नि पंपावर गेली.
बायला बोललो. म्हटलं, शहरातल्यांचं सोड, तुम्हीसुद्धा पोरांना कोंबड्यांसारखं डालून ठेवता.
बाय भात पाखडत होती. थांबली नाही. "तिला कामं असतात, दामू."
म्हटलं, आपल्याला नव्हती?
तिने एकदा वर पाहिलं. त्या पाहण्याचाही राग आला.

५ मे, सोम.
झालं ते सगळं लिहितो.
सकाळी दोघींना चार भाकऱ्या नि चटणी बांधून दिली. जयूच्या वाटणीचं पाणी मी भरतो म्हटलं. उंबऱ्यात उभा राहून मोठ्याने सांगितलं, पाड्याला ऐकू जाईल असं, "जा. संध्याकाळपर्यंत तोंड दाखवू नका." तनू पळतच सुटली.
बारापर्यंत छान वाटलं. पाच खेपा पाणी आणलं, खांदा मोडला. एक वाजता बायला विचारलं, कुठवर गेल्या असतील? ती म्हणाली, "मला काय म्हाईत." दोन वाजता पुन्हा विचारलं. तीनला बाहेर उभा राहिलो. मुरुमाच्या खाणीवरून डंपर खाली येत होते, एका ड्रायव्हरने शर्ट काढला होता. त्याच्याकडे बघता बघता वै.ची सगळी यादी डोक्यात सुरू झाली. ट्रक, कुत्री, माणसं. त्यात मी साप घातला, डोह घातला.
डोह आठवल्यावर पळालो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, चढावर पळत, छातीत कळ. डोहात मे महिन्यातही पाणी असतं, हिरवं, तळ न दिसणारं. खडकावर तनूच्या चपला. नुसत्या चपला, शेजारी-शेजारी ठेवलेल्या.
मी किती हाका मारल्या ते मला सांगता येणार नाही. पँटसकट पाण्यात उतरलो. हाताने चाचपत होतो, पाण्याखाली. जिथे पाय टेकेना तिथून परत फिरलो. हेही लिहून ठेवतो, की परत फिरलो.
पाड्यात आलो तो भिजलेला, रडत. बाय अंगणात होती. म्हणाली, "येतील."
आणि आल्या. पलीकडच्या उतारावरून, ओढण्यांत करवंदं बांधून, हसत, तनूचं तोंड जांभळं झालेलं. अनवाणी. चपलेचा पट्टा तुटला म्हणून दोन्ही तिथेच ठेवल्या, म्हणे. "बाबा, वरून ना—"
मी तनूला दोन लगावल्या. एकीनंतर थांबलो नाही, दुसरीही मारली. करवंदं सगळी मातीत.
ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "तू संध्याकाळपर्यंत म्हणालेलास."
ऊन अजून होतं. साडेपाचसुद्धा झाले नव्हते.

६ मे, मंगळ.
तनू बोलत नाही. बायजवळ झोपली, बायजवळ जेवली.
सकाळी पंपावर बायला गाठलं. म्हटलं, तुला काळजी कशी वाटली नाही? तुझीही नात होती ना त्यात? मला भांडायचंच होतं कुणाशी तरी.
बायने हंडा खाली ठेवला.
"काळजी मी लय केली. तुझी. आता उरली नाय."
म्हटलं, माझी कसली काळजी, मी तर दिवसभर एकटा—
"एकटा?" ती हसली. चांगलं हसणं नव्हतं. "आई मला पाठवायची तुझ्या मागं. लांबून जा, म्हणायची, त्याला दिसू नको, नायतर तो आणखी लांब पळतो. तू खेकडे धरायचास, मी करवंदीत बसायचे. तू चालायला लागलास नि माझी चौथीतली शाळा सुटली. तू आश्रमशाळेत गेलास तवा मोकळी झाले. त्याच वर्षी लग्न."
मी म्हटलं, डोहात मी पडलो तेव्हा तू होतीस?
"त्या काठाला झाड कुठंय रे?"
मला कळेना.
"मूळ मूळ सांगतोस पोरीला. परवा तिने मला पण सांगितलं. मूळ नव्हतं ते. माझं फडकं होतं. अंगावरचं सोडून टाकलं मी पाण्यात. तू घट्ट धरलंस, ओढलं वर, पालथा केला. डोळे उघडलेस तवा मी करवंदीमागं. अंगावर फडकं नाय, ओलं पिळत बसले होते."
का नाही सांगितलंस, म्हटलं.
"सांगितलं ना. बाबांना. त्यांनी मला काठीनं फोडलं. पोर पाण्यात पडलंच कसं, म्हणून."
मग हंडा उचलला. "काल तू पोरीला मारलंस ना. तसंच."
पंपावर दोन बायका होत्या. त्यांनी ऐकलं. ऐकू दे.

७ मे, बुध.
पहाटे उठून डोहावर गेलो. बाय खोटं बोलते हे सिद्ध करायला. लाज वाटते लिहायला, पण त्यासाठीच गेलो.
तिन्ही बाजूंनी कातळ. सपाट काळा. झाड नाही, झाडाचं खोड नाही, मूळ रुजेल अशी चीरसुद्धा नाही. चौथ्या बाजूला वाट, नि वाटेला लागून करवंदीची जाळी. आत एक माणूस बसेल एवढी मोकळी जागा.
चाळीस वर्षं मी ते मूळ हाताला लागल्याचं सांगत आलो. खरखरीत होतं, असंही सांगायचो.
दुपारी निघालो. बायने तनूच्या पिशवीत आंबे घातले. मला काही नाही. मीही 'येतो' म्हटलं नाही. जीपमध्ये तनूने दप्तरातून घड्याळ काढलं आणि स्वतः हातात बांधलं. माझ्याकडे न बघता.

१२ मे, सोम.
वै.ला कळलं. तनूने नाही सांगितलं. जयूच्या आईचा फोन आला होता.
आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. झाला नाही. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मी घाबरट आहे ना? पण मी तिला कधी हात लावला नाही."
मी ताट सरकवून उठलो. तिने ते तसंच राहू दिलं, झाकलंसुद्धा नाही.
जिन्यात सेक्रेटरी भेटला. "गावी जाऊन आलात वाटतं? मजा केली मुलीने?" दात दाखवत. त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मारण्याचं मला आता काही वाटेनासं झालंय का?

१८ मे, रवि.
तनूला म्हटलं, चल नरपडला, सायकलने, मी मागून चालत येतो.
"नको."
मग मी येत नाही, मैत्रिणीबरोबर जा. आई काही म्हणणार नाही, मी बघतो.
"नको, बाबा." अगदी व्यवस्थित, पाहुण्याशी बोलावं तसं.
आमच्या बॅचच्या ग्रुपवर आज कुणी तरी टाकलं: आमचं बालपण, चड्डीला ठिगळ, रानात मोकळे, आईला पत्ता नाही. खाली पन्नास अंगठे. मागच्या वर्षी हेच मी टाकलं होतं. आज लिहिलं, 'तुमच्या मागे तुमच्या बहिणी फिरत होत्या, मूर्खांनो.' कुणाला काही कळलं नाही. एकाने विचारलं, घेतली का? ग्रुप सोडला.

१ जून, रवि.
आज समजलं, बाय दर दोन दिवसांनी फोन करते. मला नाही, तनूला. वै.च्या मोबाइलवर. महिनाभर घरात हे चाललंय आणि मला पत्ता नाही. तनू गॅलरीत उभी राहून बोलत होती, हसत होती. मी आलो तसा आवाज खाली गेला.
फोन मागून घेतला. "बाय, मी."
"हां. शाळा सुरू व्हायच्या आधी आठ दिवस पोरीला पाठव. जयू वाट बघते."
म्हटलं, शनिवारी घेऊन येतो.
"पोरीला पाठव म्हटलं. तू येऊ नको."
मी काहीतरी बोललो, माझ्या गावात मला येऊ नको म्हणणारी तू कोण, असलं. वै. ऐकत होती, तनूही. बायने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलून झालं? आता फोन तिला दे."

५ जून, गुरु.
आज तनू समोर येऊन उभी राहिली. "मी शनिवारी जाणार. बसने तलासरीपर्यंत. एकटी. पुढे जयू नि तिची आई घ्यायला येणारेत."
मी वै.कडे पाहिलं. हिला आता फेफरं येईल, मनात म्हटलं. तर ती भाजी निवडत म्हणाली, "मी हो म्हटलंय."
तू? तू हो म्हटलंस?
"हो. भीती वाटते. तरी म्हटलं."
आणि मी, ज्याने नोटीस ओढून काढली, ज्याने दहा वर्षं दोघींचे कान किटवले, तो म्हणालो, "मुळीच नाही." म्हणालो, बसमध्ये कोण कोण असतं तुम्हाला माहीत नाही. म्हणालो, काही झालं तर जबाबदार कोण.
तनू हसली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली, बाय बघते तशी.

६ जून, शुक्र.
संध्याकाळी ऑफिसातून परस्पर पारनाक्याला गेलो आणि तिथून बायला फोन केला. घरातून करायचा नव्हता. तिची माफी मागायची असं ठरवलं होतं. तोंडातून आलं भलतंच.
"पाठवली तर तू लक्ष ठेवशील ना तिच्यावर? लांबून का होईना?"
मागे कोंबड्यांचा आवाज.
"नाय," बाय म्हणाली. "मी आता कुणाच्या मागं फिरणार नाय, दामू. पोरी जातील, येतील."
फोन ठेवला तिने.
घरी आलो तर दारात तनूची पिशवी भरलेली. बस सकाळी साडेसातची. वै. विचारत नाही, तनू विचारत नाही. मी हो म्हटलेलं नाही, कालचं 'मुळीच नाही' मागे घेतलेलं नाही. दोघी आत जेवायला बसल्यात. माझं पान मांडलेलं दिसतंय.