ग्राइंडरच्या मुठीतला तडा

अहो,

बाळाला डोस द्यायला दवाखान्यात चालले आहे. वरण-भात झाकून ठेवलाय.

लातूरहून आणलेलं ते लोखंड कापायचं जुनं ग्राइंडर मात्र आज चालू होणार नाही. "मशीन लई मस्त हाय, कुठं तडा न्हाई," असं काल तुम्हीच म्हणालात. सकाळी बाळानं त्याची मूठ धरली, तर तळहात काळा झाला. पुसून पाहिलं तर वर बुटाचं पॉलिश, खाली फेविक्विक आणि खायचा सोडा भरून बुजवलेला तडा. सोड्याची डबी आपलीच रिकामी आहे, मग विकणाऱ्याला काय विचारू?

त्या तड्याच्या आतच बटणाच्या वायरी आहेत. मूठ हातात फुटली तर करंटच बसेल. अजून काय काय लपवलंय?

प्लग कापून पर्समध्ये नेलाय. नवी मूठ बसल्यावरच देईन. रागवा खुशाल, पण दोन्ही हात शाबूत ठेवून रागवा.

आरती