कॅलिपरचा लाल

११ जाने., रविवार
डाव्या चाकाचे तीन नट निघाले, चौथा नाही. पान्यावर उभा राहिलो, जोर दिला, पाना सटकून नडगीवर आला.
हे सगळं मेव्हण्यामुळे. मागच्या रविवारी केळझरच्या गणपतीला गेलो होतो, तिथे गाडी लावताना राजू चारचौघांत म्हणाला, "भाऊजी, चाकं नवे टाकले, पण आतला गंज सारा दिसून राह्यला ना!" जाळीची चाकं घेतली तिथेच चुकलं. जुन्यांवर टोप्या होत्या, आत काय आहे ते कोणाच्या बापाला दिसत नव्हतं.
बायकोला, वंदनाला म्हटलं, कॅलिपर लाल करतो. ती म्हणाली, "ते काय असते?" म्हटलं, ब्रेक दाबला की चकतीला दोन्हीकडून धरतो तो लोखंडी ठोकळा. "मंग धरते ना? धरू द्या त्याले."
संपलं.

१२ जाने., सोम.
दुकानात जायच्या आधी भीमराव मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पान्याला लोखंडी पाइप अडकवला, एक झटका, नट मोकळा. माझ्याकडे बघून हसला. "भाऊ, गाडी माह्याकडं आणून द्या, संध्याकाळी रंगवून देतो." नाही म्हटलं. घरी करायचं तर घरीच.
वं. एसटीनं शाळेवर शिकवायला गेली. अठरा कि.मी., उभ्यानं. परत आली ती पिशवी आपटूनच.

१३ जाने., मंगळ.
तारेच्या ब्रशनं घासलं. गंज नाकात, केसांत, चहात. एका कॅलिपरला दीड तास. मागच्या चाकांना ड्रम-ब्रेक आहेत, कॅलिपर नाहीत, म्हणून दोनच करायचेत, नाहीतर मी हे सगळं नालीत फेकलं असतं.
वं.: "दोन ठोकयांसाठी मी आणखी किती दिवस एसटीत लोंबकळू?"
म्हटलं, परवापर्यंत.
"लायसन मायाजवळबी आहे. गाडी धड असती त मी नेली असती."
मागे तिनं गाडी गेटच्या खांबाला घासली होती ते मी काढलं नाही. तिला कळलंच. किल्ली तेव्हापासून माझ्याच खिशात असते.

१४ जाने., बुध. संक्रांत
पहिला हात दिला. कागद चिकटवून, चकती झाकून, सगळं नीट. आणि रंग? लाल नाहीच! काव. कुंभाराच्या भट्टीतली वीट.
डबा घेऊन तसाच मनोहरशेठच्या रंगाच्या दुकानात गेलो. "शेठ, हा लाल आहे?"
"भाऊ, याच्याहून लाल त मिरचीबी नाई."
"मले वीट दिसून राह्यली."
शेठ डब्यात बघे, माझ्याकडे बघे. मी पण झाकणाजवळ तोंड नेऊन बघितलं. जवळून बघायचं तर मी डावा डोळा मिटतो, सवयच आहे. शेठ म्हणाला, "नेम धरून राह्यले का?" गिऱ्हाइकं हसली. सणाच्या दिवशी तोंडाला तोंड लागलं. शेवटी त्यानं दुसरा डबा दिला आणि वर तिळगुळाची वडी. वडी तिथेच ठेवून आलो.

१६ जाने., शुक्र.
दुसऱ्या डब्यातूनही वीटच. कंपनी बदलली तरी तेच. हे लोक आतून सगळे एक असतात.
संध्याकाळी वं.चं हळदीकुंकू. बायका अंगणातून जाताना जॅकवरच्या गाडीपाशी थांबल्या. एक म्हणाली, "वं बाई, गाडीच्या पायाले आलता लावला काय?" हशा. मला वाटलं, चेष्टा. आलता काय विटकरी असतो?

१७ जाने., शनि.
उजव्या चाकाशी शेवटचा हात देत होतो. ब्रश झटकला आणि थिनरचा शिंतोडा उजव्या डोळ्यात. आग आग. नळावर धुतलं, तो डोळा मिटूनच परत येऊन बसलो.
कॅलिपर लाल होता. लाल म्हणजे रक्तासारखा, नवा, झगझगीत.
थोड्या वेळानं उजवा उघडला, डावा झाकला. वीट.
पुन्हा. लाल. वीट.
वाटलं, थिनरमुळे. पण वीट तर बुधवारपासून आहे.
घरात गेलो. गॅसचा सिलिंडर. डाव्यानं लाल, उजव्यानं कथ्थी. वं.चा कुंकवाचा करंडा, तेच. ती म्हणाली, "करंडा घेऊन काय करून राह्यले?" म्हटलं, काही नाही.
डोळ्याची आग तासाभरात गेली. बाकीचं नाही गेलं.

१८ जाने., रविवार
चाकं बसवली. राजूला फोटो पाठवला. त्याचा अंगठा आला फक्त. यासाठी केलं होतं का हे?
वं. चाकाशी वाकून म्हणाली, "छान झालं हो. खरंच." आठवडाभरात पहिला बरा शब्द, आणि मला तो घेताही आला नाही.
थकव्यानं होत असेल. वयानं होत असेल. एकावन्न म्हणजे काही...

१९ जाने., सोम.
लिहायचं नव्हतं.
वं.ला शाळेत सोडायला निघालो. शाळेच्या गावाच्या अलीकडे उजवीकडून शेतांतली पांदण येऊन मिळते. रस्ता मोकळा होता. मोकळा होता मला. वं. ओरडली, "अहो!" आणि मी पाय दाबला तेव्हा सायकल बोनेटसमोर होती. ब्रेक लागले. सायकलचं चाक आणि बंपर यांच्यात हातभर जागा.
मुलगी. सहावीतली, वं.च्याच वर्गातली. एक पाय जमिनीवर टेकवून नुसती बघत राहिली. रडली पण नाही.
वं. उतरली, तिला जवळ घेतलं, सायकल बाजूला केली. परत येऊन खिडकीतून: "काऊन दिसली नाई तुम्हाले? मले केव्हाची दिसून राह्यली होती."
"ऊन होतं डोळ्यावर."
ऊन पाठीमागून होतं. तिला माहीत आहे, मला माहीत आहे. ती पुढचं पायी गेली, त्या पोरीसोबत.

२० जाने., मंगळ.
दुकानात लक्ष नाही. एका शेतकऱ्याला फवारणीच्या औषधाची भलतीच बाटली काढून दिली, त्यानंच वाचून परत केली.
दुपारी मनोहरशेठकडे गेलो. म्हटलं, "तुमचा रंग बरोबर होता. खोट माझ्या डोळ्यात निघाली."
वाटलं, ऐकवेल. ऐकवलं नाही. स्टूल पुढे केलं. "त्या दिवशीच मले वाटलं. माह्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. त्यानं अंगावर काढलं." पुढे काय झालं भावाचं, मी विचारलं नाही. शेठनंही सांगितलं नाही. "भाऊ, डोळ्याच्या डॉक्टरकडे उद्या जाजो. परवा नको."
घरी बायको, आणि मी पहिल्यांदा सांगतो कोणाला तर ज्याच्याशी भांडलो त्याला. डोकं ठिकाणावर नाही माझं.

२१ जाने., बुध.
वं.ला सांगितलं, वर्ध्याला दुकानाचा माल बघायला जातो. एसटीनं गेलो. तिनं विचारलं, गाडी काऊन नाई नेत? म्हटलं, रंग ओला आहे. चार दिवसांनी!
डोळ्यांच्या डॉक्टर, तरुण बाई. थेंब घातले, पट्टीवर हनुवटी ठेवायला लावली. म्हणाल्या, डोळ्यातला दाब वाढलाय, उजव्याची नस सुकत चाललीय.
"परत येईल ना?"
"गेलेलं येत नाही. आहे ते सांभाळायचं. किती गेलंय आणि डावा कसा आहे, ते मशीनवर कळेल. शुक्रवारी या. तोवर गाडी चालवू नका. आणि घरचं कोणीतरी सोबत आणा."
कोणीतरी! एकच तर आहे.
येताना एसटी थांबली त्या प्रत्येक ठिकाणी एकेक डोळा झाकून बघत आलो. शेजारचा माणूस उठून दुसऱ्या सीटवर गेला.

२२ जाने., गुरु.
सांगितलं नाही. सकाळी म्हटलं अंग दुखतं. ती एसटीनं गेली. रात्री डॉक्टरांनी दिलेले थेंब घालताना बाथरूमची कडी लावली. असा माणूस असतो का?

२३ जाने., शुक्र.
सकाळी वं. पिशवी घेऊन गाडीपाशी उभी. "आज तरी येता का सोडाले?"
किल्ली पुढे केली. "तू चालव."
घेतली नाही तिनं. "काऊन?"
"चालव म्हटलं ना!" विनाकारण ओरडलो. मग आवाज उतरला. "बस. सांगतो."
सीट पुढे घ्यायला तिला दोन मिनिटं. आरसा फिरवला, पुन्हा फिरवला. गिअर दोनदा खरकन वाजला. दात दाबून बसलो. आमचं आर्वी मागे पडल्यावर सांगितलं. लाल, वीट, मशीन, सगळं. त्या पोरीचंही, की मला ती दिसलीच नव्हती.
ती रस्त्याकडेच बघत होती. पांदणीपाशी तिनं गाडी जवळजवळ थांबवली, दोन्हीकडे बघितलं, मग पुढे नेली.
"रंगवाल्याले सांगितलं, मले नाई."

हे शाळेच्या फाटकासमोर गाडीत बसून लिहितोय. ती आत गेलीय, सुटीचा अर्ज द्यायला. वर्ध्याला सोबत येते. अकराला नंबर आहे. डाव्याचं काय निघेल, माहीत नाही.
गाडी तिरपी लावलीय, मागची बाजू अर्धी रस्त्यावर. येणारा प्रत्येक जण हॉर्न वाजवून जातो. ती आल्यावर यावरून बोलणार नाही. आज तरी नाही.