मुंगीच्या पावलाचं माप

ती. आई,
तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरा आहे. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या मशीनसमोर उभा असतो, त्यामुळे थंडीतही फुकटची ऊब मिळते. बाबांचा गुडघा कसा आहे?

तू गाद्यांना ऊन दाखवलंस आणि बाबांनी नातीची सायकल माळ्यावरून काढली, हे वाचलं. ती परत ठेवा, पण बाबांना शिडीवर चढू देऊ नकोस. यंदाही सुट्टीला आम्ही येत नाही. गेल्या वर्षी रजा नाही असं कळवलं, ते खोटं होतं. तुझी सून मुंगीला घेऊन गेली त्याला दोन वर्षं झाली. नवा पत्ता मला दिलेला नाही.

चपलांसाठी तू दर सुट्टीआधी मुंगीच्या पावलाचं माप मागतेस. गेल्या वर्षी मी तिची इथे राहिलेली जुनी चप्पल कागदावर ठेवून भोवती पेन फिरवलं. तू लिहिलंस, "पोरीचा पाय तसूभर वाढला नाही. नीट जेवत नाही का रे ती?"

त्याचं उत्तर आज देतोय. जेवत असेल, आई. पाऊलही वाढलं असेल. केवढं, ते मला माहीत नाही.

तब्येतीला जप.

तुझा,
थोरला