टक्कल पडलेला पतंग

वायरमन,

ही चिठ्ठी लिहिणारच नव्हतो. दोनदा चपला घातल्या, दोनदा परत आत आलो.

फ्रिजमधला बटरचा डबा पावाला लावायला म्हणून उघडू नकोस. त्यात गच्चीवर सापडलेला आपला पतंग आहे, जिवंत. गारठला की हलत नाही, म्हणून फोटोपुरता आणि मग नाव कळेपर्यंत ठेवला होता. माझी पाळी सातची, सोडायचा राहून गेला. उठलास की जिन्यातल्या कुंडीत सावलीला ठेव. अंगात ऊब आली की थोडा थरथरेल आणि आपला आपण जाईल.

आता मुद्द्याचं. रविवारी तू म्हणालास, "अरे, हा जिन्यात बसतो तोच आहे, नुसतं टक्कल पडलंय त्याला." मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू तुझ्या वायरी जोड." आणि दुर्मिळ म्हणून फोटो पतंग ओळखणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. काल तिथल्या जाणकार बाईंनी कळवलं की जात साधीच आहे, म्हातारा झालाय, पंखांवरची भुकटी झडून नक्षी गेलीय. म्हणजे तुझंच बरोबर. पतंग यावेत म्हणून गच्चीवर पांढरी चादर तू बांधलीस, तिच्यापुढे दिवा तू लावलास. मी आठ महिने पुस्तकं चाळून नुसते दिवे लावले.

पाच दिवस तू बोलत नाहीस. कामावरून दमून येतो आणि घर खायला उठतं.

ग्रुपवर चूक कबूल केलीय, तू ओळखलंस हेही लिहिलंय. यापुढे तू बघितल्याशिवाय मी एकाही पतंगाला नाव देणार नाही, हा शब्द तुला.